तात्यांचा वेगळा वस्तरा

डॉक्टर हर्डीकरांनी चादर उचलली, वाकून बघितलं आणि चादर परत सोडली.

"हे कुणी केलं?"

चांदेकर सिस्टरनी माझ्याकडे बघितलं. खाटेवरचे तात्या जगदाळे पंख्याकडे बघत होते. सत्तरीचा माणूस, छातीपर्यंत पांढरी दाढी, आणि कमरेखाली उकळतं पाणी सांडल्यासारखी लाल कातडी.

"या वेळेला मी नाही," मी म्हणालो.

तात्यांचा थोरला मुलगा पायथ्याशी उभा होता. त्यानं खिशातून एक ट्यूब काढली. "मेडिकलमधनं आणलं, डॉक्टर. केस घालवायचं क्रीम. मागच्या वेळेला ब्लेडनं फोड आले म्हणून म्हटलं ब्लेडच नको. पाच मिनिटं ठेवायचं लिहिलं होतं."

"आणि किती ठेवलंत?"

"अर्धा तास. नीट निघावं म्हणून."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "आधी कुठं थोडंसं लावून बघितलं होतं?"

"नाही."

"भाजलंय ते. मी यावर चीर देणार नाही. आत पू झाला तर हर्निया बरा होता म्हणाल. पंधरा दिवसांनी, गुरुवारी. त्यानंतर मी दीड महिना नाही. तेव्हाही असंच दिसलं तर दुसरा सर्जन बघा."

बाहेर व्हरांड्यात ते सिस्टरशी बोलले. मी बादली घेऊन शेजारीच उभा होतो, पण वॉर्डबॉयसमोर डॉक्टर लोक बोलतात ते तसंच, खांबासमोर बोलल्यासारखं. काल ती गाठ आत ढकलायला वीस मिनिटं लागली होती. एक दिवस ती जाणार नाही. आतडं अडकलं तर इथून मिरजेला पोचेपर्यंत काळं पडेल.

"त्यांना सांगू नका," डॉक्टर म्हणाले. "घाबरतील."

तात्यांना ते आधीच माहीत होतं. ज्याची गाठ त्याला कळतं.

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. माणदेशाच्या कडेला, तालुक्याच्या गावी पंचवीस खाटांचं धर्मादाय हॉस्पिटल होतं. मी सव्वीस वर्षांचा होतो. बारावी सायन्स पास. ऑपरेशन थिएटरमध्ये मदतनीस हवाय अशी जाहिरात वाचून गेलो होतो. कारकुनानं अर्ज वाचला, आडनावावर बोट ठेवलं आणि विचारलं, "संकपाळ? म्हणजे नाभिक ना? मग बरंच झालं." दुसऱ्या दिवशी माझ्या हातात ब्लेड लावायचा वस्तरा आणि एनॅमलची वाटी आली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी पेशंट भादरायचे. ज्या कामातून सुटायला मी बारा वर्षं शाळेत घासली, ते काम पांढरा कोट घालून माझ्यापुढं उभं राहिलं. फरक एवढाच, की बाप गालावर करायचा आणि मी कुठंही करायचो.

मग मी ते काम रागानं करायचो. कोरड्या अंगावर साबण फासायचा, उलट्या हातानं दोनदा ओरबाडायचं, वर स्पिरिटचा बोळा. पेशंट ओरडला की म्हणायचं, एवढ्यानं काय होतंय. बहुतेकांना काही होत नव्हतंच. सकाळी थोडी लाली असायची, डॉक्टर चालवून घ्यायचे.

तात्यांना झालं. महिन्याभरापूर्वी मी पहिल्यांदा त्यांचं केलं, तेव्हा सकाळी प्रत्येक केसाच्या मुळाशी पिवळं टोक होतं. ऑपरेशन रद्द. सिस्टर मला बोलल्या. मी मान खाली घातली, पण वाईट वाटलं नाही. मुद्दाम केलं नव्हतं म्हणतो मी, पण इतरांपेक्षा घाईत केलं होतं, आणि घाई कशाची होती ते मला माहीत होतं.

तात्या आमच्या गावचे. सोळा वर्षं सरपंच. आबा, म्हणजे माझे वडील ज्ञानू संकपाळ, सोमवारी आणि गुरुवारी त्यांची दाढी करायला जायचे. चावडीच्या कट्ट्यावर तात्या बसायचे, आबा खाली. दहा-पंधरा माणसं भोवती असायची आणि तात्या मोठ्यानं म्हणायचे, "ज्ञानू, माझा वस्तरा काढ." आबांच्या धोकटीत, म्हणजे न्हाव्याच्या त्या कातडी पिशवीत, तात्यांचा वस्तरा वेगळ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. वाटी वेगळी, पंचा वेगळा. अख्ख्या गावात एकट्याचा. गाव आबांना जगदाळ्यांचं पायपुसणं म्हणायचं. शाळेत पोरं मला पायपुसण्याचा म्हणायची.

आबांनी मला आयुष्यात एकदाच मारलं. मी आठ वर्षांचा असेन. पेन्सिलीला टोक करायला ब्लेड नव्हतं, म्हणून धोकटीतून एक वस्तरा घेतला. तो नेमका तात्यांचा निघाला. आबांनी बघितलं, धावत आले, माझा हात धरून बोटं उलटीपालटी केली आणि मग कानाखाली अशी वाजवली की संध्याकाळपर्यंत त्या कानात शिट्टी वाजत होती. एका मालकाच्या वस्तऱ्यासाठी बापानं मला मारलं. हे मी अठरा वर्षं सांभाळून ठेवलं होतं.

क्रीमचा प्रकार झाला त्या दिवशी दुपारी मी तात्यांच्या खाटेशी फरशी पुसत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं.

"विलास."

"बोला तात्या."

"ज्ञानूला आण."

"त्यांचा हात कापतो. चार वर्षं झाली. चहाची बशी धरता येत नाही त्यांना."

"माहीत आहे मला. म्हणून तर ही वाढवलीय." त्यांनी दाढीला हात लावला. गावात सगळे म्हणायचे तात्या आता देवधर्माला लागले. "दुसऱ्या कुणाचा हात मला सोसत नाही. तुझा तर नाहीच."

"मग दुसरा न्हावी बघा."

"रागावू नकोस बाबा. जिवावर बेतलंय म्हणून बोलतोय." त्यांनी मनगट सोडलं. "जाऊन विचार तरी त्याला. कसं करायचा ते विचार. मी विचारलं असं सांग."

या माणसानं आमच्या घरी कधी काही विचारलं नव्हतं. निरोप यायचा, आणि आबा उठायचे.

जाऊ नये असंच मनात होतं. तीन दिवस गेलो नाही. चौथ्या दिवशी चांदेकर सिस्टर औषधांचं कपाट लावता लावता, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तो म्हातारा मेला तर आतडं अडकून मेला असं कागदावर लिहितील. पण पहिली तारीख कुणामुळं गेली ते मला माहीत आहे आणि तुला माहीत आहे. मी कुणाला सांगणार नाही. तू बघ तुझं."

रविवारी दुपारी गावाकडे गेलो. आबा पडवीत बसले होते, उजवा हात डाव्या मांडीखाली दाबून. हात कापायला लागल्यापासून ते असेच बसायचे.

"जेवलास?"

"जेवलो. आबा, तात्यांचं ऑपरेशन दोनदा रद्द झालं."

"कळलं." जरा थांबून म्हणाले, "पयल्यांदा तूच केलंतंस म्हनं."

"हो."

"कसं केलंस?"

मी सांगितलं. साबण, उलटा हात, दोन वेळा, स्पिरिट. आबा ऐकत होते. त्यांचा चेहरा असा झाला की जणू मी त्यांच्यासमोर ताटात थुंकलोय.

"उलटा?" ते म्हणाले. "दोनदा?"

"सगळ्यांचं तसंच करतो."

"सगळ्यांचं कातडं एक आसतं व्हय रं? बारा वर्सं शाळंत काय शिकलास?"

मग आबांनी सांगायला घेतलं. सांगताना त्यांचा हात मांडीखालून सुटला आणि हवेतच काम करू लागला, कापत कापत.

"आदल्या दिवशी करूच नको. रातभर ते फुगतं. ज्या दिवशी चीर, त्याच दिवशी सकाळी कर. आधी कात्रीनं जेवढं हुईल तेवढं बारीक कर. वस्तऱ्याला शेवटचंच काम ठेव. मग कोमट पान्याचं फडकं ठेव, पानी गार झालं की बदल, चांगलं पंधरा-वीस मिंटं. केस मऊ पडला पायजे. साबन वासाचा नको, आन तुमच्या दवाखान्यातला त्यो लाल तर नकोच. ल्हान लेकराचा आन. कातडं ताणू नको. ताणलं की केस खोल कापला जातो, मग तोच केस उलटा आत शिरतो आन पू धरतो. केसाच्या चालीनं जा. एकदाच. जिथं गेलास तिथं परत जायचं न्हाई, राहिलं तर राहिलं. पातं नवं, आन अर्ध्यात बदल."

"आणि नंतर स्पिरिट—"

"काय न्हाई. तुरटी न्हाई, स्पिरिट न्हाई. गार पान्याचं सुती फडकं. पुसू नको, टिप." हात परत मांडीखाली गेला. "आन दोन दिवस आदी मांडीवर रुपयाएवढी जागा करून बघ. तिथं दुसऱ्या दिवशी लाल झालं तर म्हाजं सगळं खोटं."

"तो वस्तरा द्या मग," मी म्हणालो. "त्यांचा. वेगळा."

"कशाला? गंजलाय त्यो. दवाखान्यात नवं पातंच वापर."

"नाही, त्यांचा मान मोडायला नको." मी बोललो ते टोचायलाच बोललो.

आबा माझ्याकडे बघत राहिले. चुलीपाशी आईचा खोकला ऐकू आला.

"मान?" ते म्हणाले. "तुला बी तेच वाटतं व्हय?"

"मग काय?"

"तात्याच्या मानेवर चट्टं उठायचं. लाल. पानी सुटायचं त्यातनं. वस्तरा लागला की फोड. तोच वस्तरा घिऊन म्या सुताराच्या गालावर जाऊ? कुंभाराच्या? आन दुसऱ्याचा त्येला लावला तर त्येचं आनखी चिघळायचं. म्हनून येगळा काढला. उकळत्या पान्यात घालून ठेवायचो घरी आल्यावर. तुज्या आयला इचार."

"मग सांगायचं ना लोकांना. लोक काय म्हणत होते तुम्हाला..."

"काय सांगू? सरपंचाच्या अंगावर चट्टं हायत? महारोग म्हनलं आसतं गावानं. नसंना का खरा. तीन पोरी हुत्या त्येच्या लग्नाच्या. येका बी घरानं दारात उबं केलं नसतं." आबांनी नाकातून श्वास सोडला. "न्हाव्याला सगळ्यांचं दिसतं, इलास. दिसलं ते बोलून दाखवलं तर कोन मान खाली घालील त्याच्याफुडं?"

"आणि तात्यांना?"

"त्येला काय कळायचं. त्येला वाटायचं मान. वाटू दे म्हनलं."

मी विचारलं, "मी पेन्सिल तासली होती तेव्हा..."

"बोटं बगितली आदी," आबा म्हणाले. "कापलं नव्हतं कुटं. मग मारलं."

परतीच्या एसटीत मला बसायला जागा मिळाली होती. तरी मी उभाच राहिलो.

मंगळवारी तात्यांच्या मांडीवर रुपयाएवढी जागा केली. बुधवारी सकाळी बघितली, कातडी स्वच्छ होती. सिस्टरनी डॉक्टरांना फोन करून विचारलं, की तयारी आदल्या संध्याकाळऐवजी गुरुवारी सकाळीच केली तर चालेल का. डॉक्टर म्हणाले, कातडी धड मिळणार असेल तर टेबलावर केलीत तरी चालेल.

गुरुवारी सहाला पडदा ओढला. पाणी तापवून आणलं, फडकी उकळून घेतली होती. लहान मुलांचा साबण माझ्याच पैशाचा होता. तात्यांनी धोतर सोडलं आणि डोळे मिटून घेतले. गाठ मुठीएवढी होती. रात्री दोनदा उलटी झाल्याचं त्यांनी मुलाला सांगितलं नव्हतं, मला सांगितलं.

"विलास, आज नाही झालं तर मी काही पुढच्या महिन्याचा नाही."

"गप पडा."

कात्रीनं बारीक केलं. फडकं ठेवलं. बदललं. परत बदललं. वीस मिनिटं नुसतं बसून राहण्याची माझ्या हाताला सवयच नव्हती.

"तुझ्या बापानं चाळीस वर्षं माझे गाल सांभाळले," तात्या डोळे मिटूनच म्हणाले. "तू थेट तळघरात उतरलास."

"हलू नका."

"हसू पण नको?"

"हसू पण नका."

पहिला हात फिरवला तेव्हा पात्याचा आवाज झाला नाही. मी नेहमी करायचो तेव्हा खरखर यायची. केसाच्या चालीनं, एकदाच. मधे एका ठिकाणी चार केस राहिले. हात आपोआप परत तिकडे वळला. मी दुसऱ्या हातानं तो धरला, खरंच धरला, आणि खाली आणला. अर्ध्यात पातं बदललं. गार फडकं ठेवलं, टिपलं.

साडेआठला हर्डीकर आले. चादर उचलली. चष्मा लावून जवळून बघितलं. चार केसांवर बोट ठेवलं.

"हे राहिलेत."

"ठेवलेत," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांना पहिल्यांदाच दिसलो असेन. "घ्या टेबलावर," ते म्हणाले.

ऑपरेशन सव्वा तास चाललं. बाहेर आल्यावर सिस्टर म्हणाल्या, आतड्याचा रंग बदलायला लागला होता, पण वेळेत मिळालं. मी व्हरांड्यात भिंतीला टेकून बसलो. आनंद वगैरे काही झाला नाही. पाय दुखत होते.

पाचव्या दिवशी मी वॉर्डात गेलो तेव्हा तात्या उशीला टेकून बसले होते. जखम कोरडी होती. शेजारच्या खाटेवर मुतखड्याचा एक पेशंट होता, त्याला ते सांगत होते.

"हा ज्ञानूचा पोरगा. याच्या बापाकडं माझा वस्तरा वेगळा असायचा. अख्ख्या गावात एकट्याचा. सुताराला नाही, कुलकर्ण्याला नाही. मान होता."

माझ्या हातात वाटी होती. ती मी खाली ठेवली. तो मुतखडेवाला सलाइनची बाटली हातात धरून संडासाकडे निघाला. तो दाराबाहेर जाईपर्यंत थांबलो.

"तात्या, वस्तरा का वेगळा होता ते मला आबांनी सांगितलं."

मला वाटलं होतं त्यांचा चेहरा उतरेल. नाही उतरला. ते फक्त हळू आवाजात बोलायला लागले.

"सांगितलं होय. मला वाटायचं तो मरेपर्यंत सांगणार नाही."

"तुम्हाला माहीत होतं?"

"अठ्ठावन्न साली मिरजेला जाऊन आलो. एकटा. घरी सांगितलं बाजाराला चाललोय. डॉक्टर म्हणाला महारोग नव्हे, कातडी नाजूक आहे. वस्तरा वेगळा ठेव, हात एकाचाच ठेव." त्यांनी चादरीची सुरकुती सारखी केली. "गावात येऊन ज्ञानूला कसं सांगावं याचा विचार करत बसलो. तर सोमवारी त्यानं धोकटी उघडली, वेगळं फडकं काढलं. आधीच करत होता. मी काही बोललो नाही. तोही बोलला नाही."

"पण चावडीवर बोलायचात. माझा वस्तरा काढ म्हणून."

"लोक विचारायला लागले होते, वेगळा का म्हणून. मान आहे म्हटलं की कुणी पुढं विचारत नाही. तीन पोरी होत्या, विलास."

"धाकटीचं लग्न अठ्ठ्याहत्तरला झालं. शेवटच्या पंगतीला मी जेवलोय त्यात. त्यानंतर बारा वर्षं आबा येत होते तुमच्याकडं. तेव्हा?"

तात्या पंख्याकडे बघायला लागले.

"तेव्हा?"

"मग सवय झाली."

"लोक आबांना काय म्हणायचे, माहीत आहे?"

"माहीत आहे."

"काय?"

"जाऊ दे ना."

"नाही. काय म्हणायचे?"

त्यांनी डोळे मिटले. त्या गुरुवारी सकाळी पडद्यामागं मिटले होते तसेच. "पायपुसणं," ते म्हणाले.

"चावडीवर सांगा. बरे व्हा आणि तिथंच बसून, तेवढ्याच मोठ्यानं सांगा, की वस्तरा कशासाठी वेगळा होता. आबा जिवंत आहेत तोवर."

"सांगतो," तात्या म्हणाले. "टाके निघाले की सांगतो."

मी वाटी उचलली. बायकांच्या वॉर्डाबाहेर आया थांबली होती. तिला ही पद्धत शिकवायची होती. सिस्टरनी त्या आठवड्यापासून सगळ्यांची तयारी सकाळीच करायची असं फळ्यावर लिहिलं. आता तिथं मशीन असतं, पातं कातडीला लागतच नाही. मी तेवीस वर्षं ते काम केलं. माझ्या हातून परत कुणाचं ऑपरेशन रद्द झालं नाही.

तात्यांचे टाके निघाले. ते चावडीवर बसू लागले. मी दर सुट्टीला गावी गेलो की आबांना विचारायचो, काही बोलले का तात्या. आबा म्हणायचे, कशाबद्दल. मी त्यांना सांगितलंच नव्हतं, की तात्यांना सगळं माहीत होतं. ते त्यांना कळायचं तर चावडीवरून कळायला हवं होतं.

आबा सत्त्याण्णवला गेले. मयतीला तात्या आले होते. मला वाटलं आता बोलतील. सगळा गाव समोर होता. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, उपरण्यानं नाक पुसलं आणि जीपमध्ये जाऊन बसले. पुढं चार वर्षांनी तेही गेले, त्या दाढीसकट.

त्यांच्या तिन्ही मुली आता आज्या झाल्यात. कुणाचं लग्न मोडायचं राहिलेलं नाही. म्हणून जे चावडीवर सांगायचं होतं ते इथं सांगतो. ज्ञानू संकपाळच्या धोकटीतला तो वस्तरा तात्या जगदाळ्यांच्या मानासाठी वेगळा नव्हता. एकाच्या मानेवरचा पू दुसऱ्याच्या गालावर जाऊ नये म्हणून वेगळा होता. एवढंच.